उशीवरचे केस

केसरबाईंनी जांभळ्या ब्लाउजपीसवर फुंकर मारली आणि त्या म्हणाल्या, "बघा योगीराजभाऊ, कपाटातल्या कापडावर बी राख यायली. माणसानं ऱ्हावं तरी कुठं?" फुंकरीसरशी एक पांढरा कण उडून गादीवर पडला. लगोलग त्याच जागी दुसरा पडला, जांभळ्या रंगावर अगदी ठळक. कापड उलगडून दाखवायला पुढं वाकलेल्या योगीराजनं मान झटकन मागं घेतली. तो कण राखेचा नव्हता. परळीत, औष्णिक वीज केंद्राच्या धुराड्यांखाली जन्मलेल्या माणसाला राख कळते. ती बोटानं पुसली की मागं करडी रेघ राहते, तोंडात गेली की दाताखाली करकरते. हा कण पातळ होता, लसणाच्या सालीसारखा, कडा वर वळलेला, आणि तो त्याच्या टोपीच्या कडेखालून पडला होता. "राखेचं काय करणार, केसरबाई," तो म्हणाला आणि ब्लाउजपीस झटकून त्याची घडी घालू लागला. केसरबाई पंधरा वर्षांपासून दुकानात येत होत्या. गुंडप्पा, म्हणजे योगीराजचे वडील, गादीवर बसत तेव्हापासून. त्यांनी टोपीकडं बघितलं. क्रिकेट खेळणारी पोरं घालतात तसली निळी टोपी, पुढं चोच असलेली. पस्तिशीच्या कापडवाल्याला ती शोभत नव्हती, आणि शोभत नाही हे त्यालाही ठाऊक होतं. त्यांनी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "सर्दी हाय." भर उन्हाळ्यात टोपी घालायला लावणारी ही कुठली सर्दी, असं काही केसरबाईंनी विचारलं नाही. त्या दुसरा रंग बघायला लागल्या. त्या गेल्यावर त्यानं गादीवरचे दोन्ही कण बोटाच्या टोकानं उचलले आणि कागदाच्या तुकड्यात गुंडाळून खिशात ठेवले. ते केरात टाकायचीसुद्धा त्याला भीती वाटत होती, हे लक्षात आलं तेव्हा त्याला स्वतःची शिसारी आली.

आज एकतिसावा दिवस होता. पुण्यातल्या त्या दवाखान्यात त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूचे केस मुळासकट एकेक काढून पुढं लावले होते, शेतात रोप लावतात तसे, ओळीनं. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत तो पालथा आणि मग उताणा पडून होता, आणि दोन पोरी त्याच्या डोक्यावर वाकून आपसात कुणाच्या तरी साखरपुड्याच्या साड्यांबद्दल बोलत होत्या. निघताना त्यांनी हातात गोळ्यांचं पाकीट आणि एक छापील कागद दिला. पहिले दहा दिवस खपल्या राहतील. नखानं काढू नयेत. त्यानंतर त्वचा कोरडी पडून कोंडा येईल. तिसऱ्या आठवड्यापासून लावलेले केस गळतील. मूळ आत शाबूत असतं. चौथ्या महिन्यापासून नवे केस येतील. घाबरू नये. शेवटचे दोन शब्द ठळक छापले होते, म्हणजे लोक घाबरत असणारच. त्याला तो कागद तोंडपाठ झाला होता, लहानपणी शाळेची प्रार्थना झाली होती तसा, म्हणजे अर्थावर विश्वास न बसता. रोज सकाळी न्हाणीघराची कडी लावून तो लहान लेकराचा शॅम्पू तळहातावर फेसायचा, न चोळता नुसता थापायचा, तांब्यानं हळूहळू पाणी सोडायचा आणि मग बोटं डोळ्यासमोर धरायचा. बोटांच्या पेरांवर केस चिकटलेले असायचे. तांदळाच्या दाण्याएवढे आखूड केस, आणि प्रत्येकाच्या टोकाला एक पांढरा ठिपका. ते मूळच आहे, आपलं सगळं पीक मुळासकट वाहून चाललंय, असं त्याला वाटायचं. तो त्या ठिपक्याचा मोबाइलवर फोटो काढून दवाखान्याला पाठवायचा. तिकडची कुणी पोरगी दहा मिनिटांत उत्तर द्यायची, नॉर्मल आहे सर. रोज तेच तीन शब्द. एकदा त्यानं चिडून लिहिलं होतं, तुमच्या डोक्यातले गळले असते तर? तिनं उत्तर दिलं, नॉर्मल आहे सर.

आणि रविवारी घाटनांदूरला मुलगी बघायला जायचं होतं. तो हिशेबच चुकला होता. स्थळ दिवाळीनंतर येईल, तोवर डोकं भरेल, असं धरून तो पुण्याला गेला होता. आईला सांगितलं होतं, माल आणायला चाललो, पाच दिवस लागतील. परत येतो तो मुलीच्या वडिलांचा, बसवेश्वरअप्पांचा फोन आलेला, आणि आईनं महिन्यानंतरचा हा रविवार कबूल करून टाकलेला. याआधी पाच स्थळं मोडली होती. कुणी स्पष्ट बोललं नव्हतं. लोक जुळत नाही म्हणायचे, गुण म्हणायचे, अंतर म्हणायचे. पाचव्या घरी मात्र बैठकीतून उठून हात धुवायला गेला तेव्हा आतल्या खोलीत मुलीची मावशी हसत म्हणत होती, "पोरगा आणलाय का पोराचा बाप?" त्यानं हात धुतले, रुमालाला पुसले, पुन्हा बैठकीत येऊन बसला आणि पोहे संपवले. ते पोहे अजून त्याच्या घशात होते. कॉलेजात पोरं टपली मारून म्हणायची, "डोकं हाय का आरसा बे?" तेव्हा तो त्यांच्याबरोबर हसायचा. मावशीच्या हसण्यावर हसता आलं नाही. गंमत अशी की लहानपणी हेच टक्कल त्याला जगातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटायची. गुंडप्पा तिशीतच पुढून पार मोकळे झाले होते. दुपारी दुकानामागच्या घरात ते आडवे झाले की योगीराज त्यांच्या उशाशी बसून त्या गरम, गुळगुळीत डोक्यावर तळहात ठेवायचा, आणि ते डोळे न उघडता म्हणायचे, "दाब, बाळा." भस्म लावताना तीन बोटं कपाळावर आडवी ओढून म्हणायचे, "कपाळ मोठं असणं नशिबात लागतं. भस्माला जागा लागती." पुण्यात डॉक्टरनं जांभळ्या पेननं कपाळावर केसांची नवी रेघ आखली तेव्हा योगीराजनं आपली तीन बोटं कपाळावर आडवी धरून बघितली आणि रेघ थोडी वर घ्यायला सांगितली. डॉक्टर हसला. म्हणाला, लोक खाली मागतात, तुम्ही पहिलेच वर मागणारे. त्याला केसही पाहिजे होते आणि भस्माची जागाही.

दवाखान्याच्या त्या कागदावर तेल, गंध, पावडर महिनाभर वर्ज्य असंही होतं. ते पाळणं सगळ्यात अवघड गेलं, कारण या घरात आंघोळीनंतर कोरड्या कपाळानं कुणी चहाला हात लावत नसे. पुण्याहून आल्यावर दुसऱ्याच सकाळी शिवगंगाबाईंनी, त्याच्या आईनं, विचारलं, "कपाळ कोरडं कावून?" तो म्हणाला, "भस्म लावलं की कातडी जळायली. उन्हानं चट्टे आलेत." आई त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या हातातली भस्माची वाटी तशीच होती. त्याला वाटलं आता ओरडेल, धर्म बुडवला म्हणेल. पण आई वाटी देवळीत ठेवून आत गेली आणि त्या दिवसापासून बदलली. मीठ जास्त झालं, मळकी चादर घेतली, उशिरा उठला, यावरून दिवसभर चालणारा तिचा तोंडाचा पट्टा बंद झाला. ती त्याला भाकरीऐवजी दुधात कुस्करलेला भात वाढू लागली. ताटाशी बसून विचारायची, "जातंय का पोटात?" सोमवारबरोबर गुरुवारही धरायला लागली. एकदा तो दुपारी आडवा झाला असताना टोपीच्या खाली, कानामागं, तिनं बोट टेकवलं आणि लगेच काढून घेतलं. लग्नाच्या आनंदानं म्हातारी मऊ झाली, असं त्यानं धरलं. त्याला बरं वाटलं. माणूस आपल्याच डोक्यात एवढा गुंतला की दुसऱ्याच्या डोक्यात काय चाललंय हे त्याला दिसत नाही, आणि योगीराज तर आरशासमोरून हलत नव्हता.

त्याला आठवायला हवं होतं. नऊ वर्षांपूर्वी या घरात एक कपाळ असंच कोरडं पडलं होतं. गुंडप्पांच्या पोटातली गाठ कॅन्सरची निघाली तेव्हा बार्शीच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात योगीराजनं आणि गुंडप्पांनी मिळून ठरवलं की घरी सांगायचं नाही. गाठ आहे, औषधानं विरघळेल, एवढंच सांगायचं. महिन्यातून दोनदा बापलेक माल आणायला जातो म्हणून बार्शीला जायचे. औषधानं गुंडप्पांची कातडी अशी झाली की भस्म लावलं की जळायचं, म्हणून त्यांनी ते सोडलं. मग कानांच्या वर आणि मागं जी झालर उरली होती तीसुद्धा गेली. सकाळी उशीवर केस असायचे. शिवगंगाबाई ते झटकायच्या आणि त्यांच्याशी भांडायच्या. डोक्याला तेल लावा म्हणून, पोटभर जेवा म्हणून, नाटकं करू नका म्हणून. आजाराचं नाव तिला कळलं ते गुंडप्पांना शेवटी घरी आणलं त्या दिवशी, आणि तेही शेजारणीकडून. "मला सांगितलं असतं तर मी भांडले असते का रे?" ती योगीराजला म्हणाली होती. "शेवटच्या वक्ताला माणसाला मी शिव्या देत बसले." त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. त्यालाही तो नकोच होता.

त्याच शुक्रवारी दुपारी मंजुळाबाई आली. मंजुळाबाई गल्लोगल्ली फिरून बायकांचे विंचरलेले केस घ्यायची आणि त्याच्या बदल्यात चमचे, वाट्या, चाळण्या द्यायची. दुकानाच्या मागच्या दारात तिची आरोळी ऐकू आली. योगीराज गादीवर होता. मधला पडदा उघडा होता. आईनं भिंतीच्या फटीतून स्वतःच्या केसांचे गुंडाळे काढून दिले आणि मग पदराच्या गाठीतून एक कागदाची पुडी काढली. मंजुळाबाईनं पुडी उघडून उन्हात धरली. "हे काय, आक्का? बाप्याचे केस हायेत हे. आन् बोटाच्या नखाएवढे. ह्याला भाव न्हाई." "भाव कुणाला पाहिजे?" आई म्हणाली. "तू गावोगाव फिरतीस. असे उशीवर पडलेले केस परत आलेले बघितलेस का कधी?" मंजुळाबाईनं पुडीकडं बघितलं, पडद्याच्या पलीकडं टोपी घातलेल्या योगीराजकडं बघितलं, आणि आवाज खाली आणून काहीतरी बोलली. त्याला फक्त शेवटचं ऐकू आलं. "नवस बोलून बघा देवाला. येतेत." तो ताडकन उठून आत गेला. "असलं काय गोळा करायलीस, आई? लोकाला काय दाखवायलीस?" आईनं पुडी पुन्हा पदराला बांधली. "मग काय केरात टाकू?" ती म्हणाली, आणि तिचे डोळे पाण्यानं भरले. तो वैतागला. जगात माझंच डोकं तेवढं सापडलंय सगळ्यांना, असं त्याला वाटलं. शनिवारी संध्याकाळी तिनं विचारलं, "रविवारी जायचंच का रे?" "जायचंच. शब्द दिलाय ना तूच?" ती म्हणाली, "मी दिला तवा मला ठाऊक नव्हतं." काय ठाऊक नव्हतं, हे त्यानं विचारलं नाही.

घाटनांदूरला बसवेश्वरअप्पांचं खताचं दुकान होतं आणि दुकानावरच घर. जीपमधून उतरताना योगीराजनं टोपी सीटवर ठेवली. डोकं विंचरायची सोय नव्हती, नुसतं थापून घेतलं. पुढच्या भागात आता खुरटी लव होती, मधेमधे गुलाबी कातडी, आणि त्यावर रात्रीतून पुन्हा धरलेला कोंडा. शर्ट पांढरा घातला होता, मुद्दाम. मुलीचं नाव शिवांजली. अंबाजोगाईच्या एका मेडिकलात ती औषधं द्यायची. पोहे झाल्यावर अप्पा म्हणाले, "बोलू द्या पोरांना जरा," आणि दोघांना मागच्या अंगणात बेलाच्या झाडाखाली दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून दिल्या. तिनं इकडचं तिकडचं विचारलं नाही. थोडा वेळ त्याच्या डोक्याकडं बघितलं, गिऱ्हाईकानं पुढं केलेली चिठ्ठी बघतात तसं, आणि म्हणाली, "किती दिवस झाले?"

"कशाला?"

"खांद्यावर पडलंय बघा."

त्यानं खांद्याकडं बघितलं. पांढऱ्या शर्टावरही दिसत होतं. "राख हाय," तो म्हणाला. "परळीला लई राख."

"घाटनांदूरला येत न्हाई राख."

"अंगावर बसून येती."

ती हसली नाही. खुर्चीच्या हातावर बोटानं काहीतरी पुसत ती म्हणाली, "आमच्या मेडिकलात लई जण येतेत. लहान लेकराचा शॅम्पू मागतेत आन् इकडंतिकडं बघतेत. माझ्या चुलतभावानं बी केलंय. त्याचे बी सगळे गळालते. मग आले. त्यात काय लाजायचं न्हाई." थांबून तिनं पुढं म्हटलं, "मला एवढंच वाटतं, इचारलं तर माणसानं सांगावं." दार एवढं सताड उघडून त्याच्यासाठी आजवर कुणी उभं राहिलं नव्हतं. नुसतं हो म्हणायचं होतं. एकतीस, छे, आता तेहतीस दिवस झाले म्हणायचं होतं. कदाचित दोघं हसली असती. पण त्याच्या कानात मावशी हसली, आणि त्याचं तोंड आपोआप म्हणालं, "न्हाई हो, राखच हाय." "बरं," शिवांजली म्हणाली आणि उठली.

दोघं आत आली तेव्हा शिवगंगाबाई बैठकीत ताठ बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोरचा चहा तसाच होता. त्यांनी योगीराजकडं बघितलं, सांगितलंस का, असं विचारावं तसं. त्यानं नजर वळवली. मग त्या बोलल्या. "बसवेश्वरअप्पा, मला एक सांगायचंय. लेकाच्या माघारी न्हाई, त्याच्यासमोरच सांगते. माझ्या मालकाला जो आजार होता तोच ह्याला झालाय." अप्पांच्या हातातली बशी खाली आली. "ह्यानं मला सांगितलं न्हाई. ह्याच्या बापानं बी न्हाई सांगितलं. पण मी दुसऱ्यांदा बघायले, अप्पा. माल आणायला म्हणून पाच दिवस जातो आन् रिकाम्या हातानं येतो. शर्टाच्या घडीत गोळ्या ठेवतो. कपाळाला भस्म सोसंना. उशीवर रोज केस. मला वाटलं हा आज पोरीला तरी सांगंल. तुमची पोर सोन्यासारखी हाय. माझं झालं ते मी हिच्या नशिबात घालणार न्हाई."

योगीराजला आधी काही कळलंच नाही, आणि मग सगळं एकदम कळलं. दूधभात, गुरुवार, पुडी, कानामागचं बोट. महिनाभर ही बाई त्याच्या मरणाची तयारी करत होती आणि त्याला सासूपणाची हौस वाटली होती. नाही, आई, केस लावून घेतलेत मी. एवढंच म्हणायचं होतं. पण आता ते सहा लोकांसमोर म्हणायचं होतं. अप्पांच्या, त्यांच्या भावाच्या, आणि पडद्याआड बांगड्या वाजत होत्या त्या सगळ्या मावश्यांच्या समोर. आईनं आजार म्हणून पदर डोळ्याला लावलेला, आणि त्यानं म्हणायचं की नाही हो, टक्कल होतं. ते हसतील. आज नाही तर संध्याकाळी हसतील, लग्नाकार्यात वर्षानुवर्षं हसतील. मरायला टेकलेल्याला मात्र कुणी हसत नाही. अप्पा त्याच्याकडं ज्या नजरेनं बघत होते तशा नजरेनं त्याच्याकडं आजवर कुणी बघितलं नव्हतं. त्या नजरेत आदर होता. दारात शिवांजली उभी होती. खरं काय ते त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं, आणि ती वाट बघत होती. शेवटी तीच म्हणाली, "आई, तुमी दवाखान्याचा कागद बघितलाय का?" "मला कोण दाखवतंय, बाळा," शिवगंगाबाई म्हणाल्या. शिवांजलीनं पुन्हा त्याच्याकडं बघितलं. त्याच्या गुडघ्यावर एक पांढरा कण पडला होता. तो त्या कणाकडं बघत राहिला, पुसला नाही, आणि म्हणाला, "आई, चल." दारातली जागा रिकामी झाली होती.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये आईनं त्याचं डोकं आपल्याकडं ओढलं आणि त्यावर तळहात ठेवला. नाजूक कातडीला लागू नये इतक्या हलक्यानं. लेक मोठा झाल्यापासून तिनं त्याला असा हात लावला नव्हता. "बापासारखं लपवू नको रे," ती म्हणाली. "मी न्हाई भांडणार आता." त्या हाताखाली तो रडला. आणि तिथंही, जीपवाल्याशिवाय कुणी नसताना, त्यानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं आत्ताच भर बैठकीत केलेलं ते धैर्य एका क्षणात हसण्यावारी गेलं असतं, तिला तोंड दाखवायला जागा उरली नसती, असं त्यानं स्वतःला समजावलं. ते थोडं खरंही होतं. जास्त खरं हे होतं की तो हात त्याला सोडवेना. "डॉक्टर म्हणले, बरं व्हईल," तो म्हणाला. "खरं?" "खरं." तेवढ्यावर ती म्हातारी लहान पोरीसारखी हुंदके द्यायला लागली.

बातमी घाटनांदूरहून परळीला त्याच्याही आधी पोचली. केसरबाई सफरचंदं घेऊन आल्या. दुकानात लोक हळू आवाजात बोलू लागले. टपली मारणारे जुने दोस्त गादीच्या कडेला बसून "काही लागलं तर सांग बे" म्हणून जमिनीकडं बघायचे. तो सफरचंदं खायचा. पहिले काही दिवस त्याला लाज वाटली, मग सवय झाली, आणि मग असं झालं की कुणी नेहमीच्या आवाजात बोललं तर त्याला राग यायचा. पावसाळ्यात कळलं की शिवांजलीचं लग्न आष्टीकडं ठरलं. त्या दिवशी त्यानं आरसा बघितला आणि कपाळावर, त्या जांभळ्या रेघेच्या जागी, काळी टोकं वर आलेली दिसली. कागदावर लिहिलं होतं अगदी तसंच. चौथा महिना. पाचव्या महिन्यात बोटं फिरवली की अडकायला लागली. कोंडा गेला, कातडी झाकली गेली, समोर एक काळेभोर केसांचा, पंचविशीतला वाटावा असा माणूस उभा राहिला, आणि त्या माणसाला दाखवायला कुठलंही घर उरलं नाही. कॅन्सरमधून उठलेल्या माणसाला मुलगी कोण देणार? दवाखान्याला त्यानं फोटो पाठवला. उत्तर आलं, अभिनंदन सर.

आई मात्र त्या केसांकडं बघत बसायची. एका सकाळी म्हणाली, "येत्या सोमवारी धुळाजीला बोलावलंय." धुळाजी त्यांचा न्हावी, गुंडप्पांची दाढी करायचा तो. "कशाला?" "मी बोलले होते. केस परत आले की पहिले केस वैजनाथाला देईन म्हणून. मंजुळाबाई म्हणली होती, देव ऐकतो. ऐकलं की त्यानं." तो म्हणाला, "आपल्यात केस द्यायची रीत न्हाई, आई." "रीत न्हाई तर न्हाई. माझ्या लेकाचा जीव दिलाय त्यानं. त्याच्यापुढं रीत सांगू?" तिच्या तोंडावर जे होतं त्याच्यासमोर दोन शब्द बोलायचे, तर ते घाटनांदूरला बोलायला हवे होते, बेलाच्या झाडाखाली बोलायला हवे होते, पुण्याला निघताना दारातच बोलायला हवे होते. आता ते बोलायचे म्हणजे तिचा देवच खोटा पाडायचा. केस पुन्हा येतील, मुळं शाबूत आहेत, असं त्यानं स्वतःला सांगितलं. खरंच होतं ते. पण सोमवारी अंगणात पाटावर बसण्याआधी त्यानं केसांतून एकदा बोटं फिरवून घेतली.

धुळाजीनं डोकं भिजवलं. पुढून मागं चोळत त्याचा हात मानेच्या वर पोचला आणि थांबला. तिथं बारीक पांढरे ठिपके होते, ओळीनं, शेकड्यांनी, जिथून मुळं काढली होती तिथं. न्हाव्यापासून डोकं लपत नाही. धुळाजीनं अंगठ्यानं एक ओळ चाचपून बघितली, मग दुसरी, आणि वाकून कानाशी म्हणाला, "मालक, पुण्याला केलं का हैदराबादला?"

योगीराजनं डोळे मिटले. शिवगंगाबाई तांब्याचं ताट घेऊन समोर उभ्या होत्या. ताटात बेलाची पानं, त्यावर धुतलेला पांढरा रुमाल, केस घ्यायला. "काय म्हणतोय धुळाजी?" त्यांनी विचारलं.

धुळाजी ताटाकडं बघत राहिला. मग वस्तऱ्याला नवं पान लावत म्हणाला, "काही न्हाई, आक्का. केस लई दाट आलेत म्हणलं."

"देवानं दिलेत. काढ सगळे."

कपाळाच्या मधोमध, जिथं रेघ आखली होती, तिथूनच त्यानं सुरुवात केली. केस रुमालावर पडत होते आणि आई एकेक पुंजका उचलून नीट ठेवत होती. संपलं तेव्हा तिनं ओल्या फडक्यानं त्याचं डोकं पुसलं, देवळीतली वाटी आणली आणि तीन बोटं भस्मात बुडवून त्याच्या कपाळावर आडवी ओढली. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, हात आखडता न घेता, जागाच जागा होती. मग दोन पावलं मागं जाऊन त्याच्याकडं बघितलं आणि तिचा चेहरा फुलून आला.

"अगदी बापासारखा दिसायलास," ती म्हणाली.

धुळाजीनं पुढं केलेला आरसा योगीराजनं हातात घेतला नाही.